आटलेल्या तलावाचं डच चित्र

आमच्या घरात हॉलंड देश आला तो हळदीच्या पुडीतून. मी हळद डब्यात ओतली आणि कागद चुलीत टाकणार, तेवढ्यात ह्यांनी माझा हात धरला. चुलीपाशी मधे मधे करणारा माणूस मला कधीच सहन झाला नाही, मग तो नवरा का असेना. पण हे माझ्याकडे बघतच नव्हते. कागदाच्या आतल्या बाजूला शिडांचं एक जहाज होतं, वाऱ्यानं तिरकं झालेलं, आणि त्याच्या निम्म्या शिडांना माझी हळद लागली होती.

हे नाटकांचे पडदे रंगवायचे. मालगुजारी, म्हणजे गावोगावची जमीनदारी, नुकतीच गेली होती त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत होते, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातलं एक लहानसं तालुक्याचं गाव होतं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, आणि मंडईत दंडार, म्हणजे सोंगं घेऊन नाचगाण्याचा खेळ, नाहीतर नाटक झाल्याशिवाय कोणाचं समाधान होत नाही. त्यासाठी पडदे लागत. ठरलेले चार: महाल, जंगल, बगीचा आणि रस्ता. मांजरपाटाला सरस चोपडायचा, गेरू, पिवडी, नीळ, काजळी, सफेदा कालवायचा आणि तेच चार पडदे पुन्हा पुन्हा काढायचे. ह्यांचा हात चांगला होता, पण त्या चार पडद्यांचा त्यांना वीट आला होता. जंगलात राहणाऱ्या माणसांना पडद्यावर पुन्हा जंगलच कशाला पाहिजे, असं ते कुरकुरायचे. मी म्हणायची, लोकांना पाहिजे ते द्या आणि गप बसा.

त्या जहाजात रंग नव्हता. नुसत्या काळ्या रेघा, कुठे दाट, कुठे विरळ, आणि कुठे काहीच नाही. हे कागद घेऊन दारात बसले.

"पानी पाहा," ते म्हणाले. "ओलं आहे."

"पानी ओलंच असते," मी म्हटलं.

"काढलेलं नसते. मी आजवर जेवढं पानी काढलं तेवढं सारं कोरडं आहे."

एवढं बोलून ते जेवायचं विसरले. मी त्यांच्या वाटची भाजी झाकून ठेवली आणि मनात म्हटलं, झालं, ह्यांना आता आणखी एक खूळ लागलं.

खूळच लागलं. दुसऱ्या दिवसापासून हे त्या मसालेवाल्याच्या दुकानी फेऱ्या मारायला लागले. त्याच्याकडे एका जाड पुस्तकाच्या पानांची चळत होती, पण तो धंद्याचा माणूस. नुसता कागद कसा द्यायचा, मग पुड्या कशात बांधायच्या, असं त्याचं म्हणणं. म्हणून हे पुड्या विकत घ्यायचे. लवंगा आल्या, शहाजिरं आलं, दगडफूल आलं, सुंठ तर इतकी आली की गल्लीतल्या साऱ्या बाळंतिणींना पुरली असती. पुढे माझाच संयम संपला. शेजारपाजारहून जुनी वर्तमानपत्रं मागून आणली, त्याच्या पुढ्यात आदळली आणि म्हटलं, "भाऊ, ह्याच्यात बांधा पुड्या, आन ते पुस्तक इकडे द्या." तो लगेच कबूल झाला. ह्यांना हे इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. कलावंत माणूस.

चुरगळलेली पानं सरळ करायला ह्यांनी माझा पाटा नेला. ओल्या फडक्यातून पानं काढायची, पाट्याखाली दाबायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. दोन दिवस चटणी बंद. मी तोंड सोडायची, पण पाटा उचलायची वेळ आली की मीच आधी जाऊन बसायची. खालून काय निघतं ह्याची मला ह्यांच्यापेक्षा जास्त उत्सुकता असायची, हे मी तेव्हा त्यांना कळू दिलं नाही.

काय काय निघालं! पाण्यात पोटापर्यंत उभ्या असलेल्या गाई. चार पात्यांची उंच पवनचक्की. लिंबाची अर्धी सोललेली साल ताटाबाहेर लोंबते आहे असं एक ताट. आणि एक बाई, वाकून भांडं घासणारी. त्या बाईचा कागद मी हातातून सोडेना. भांडं घासताना डावा हात कुठे असतो, मनगट किती वळतं, कोपर कुठे टेकवावंसं वाटतं, हे त्या चित्रकारानं उभं राहून बघितलेलं होतं. आमच्या घरात भांडी घासणारी बाई रोज असून तिच्याकडे चित्रकाराचं लक्ष गेलं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर हे खरंच दुसऱ्या दिवशी मोरीपाशी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मी राखेचा हात दाखवून उठवलं.

कुठल्या देशाची ही माणसं, ते आम्हाला कळत नव्हतं. चित्राखालची अक्षरं इंग्रजीसारखी होती पण इंग्रजी नव्हती. जंगलखात्याचे एक साहेब होते, नागपूरकडचे, चांगले शिकलेले. "वणवा लावू नका" अशा पाट्या हे त्यांच्यासाठी रंगवायचे. त्यांनी पानं हातात घेतली, चष्मा पुसला आणि सांगितलं, "ही भाषा डच आहे. हॉलंड देशाची. चित्रं फार जुनी असतील. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे." परत देताना त्यांनी कागद दोन्ही हातांनी दिले.

तेव्हापासून घरात डच हा शब्द राहायला आला. चांगल्या कामाला हे डच म्हणायचे. सुताराचा सांधा नीट बसला, डच. एखादी बैलजोडी सारख्या शिंगांची दिसली, डच. एकदा माझं भरलेलं वांगं डच झालं होतं. मी मात्र अजून डच झाले नव्हते.

पुस्तक अर्धंच होतं. पुढची निम्मी पानं मधूनच फाडल्यासारखी गेलेली. मसालेवाल्यानं सांगितलं, रद्दीचं पोतं वैनगंगेपलीकडून, गडचिरोलीच्या बाजूच्या एका मालगुजाराच्या घरून आलं. मालगुजार वारले, मालगुजारी गेली, दिवाणजीनं कागद काढून विकले. बाकीचं पुस्तक असलंच तर तिथे. हे अस्वस्थ झाले. मंडईच्या पडद्यांची कामं अंगावर असताना म्हणाले, जाऊन येऊ. बाईमाणसाशी बोलायचं म्हणून मला सोबत घेतलं. मोटारीनं नदीपर्यंत, मग डोंग्यानं पलीकडे, मग बैलबंडीनं धानाच्या बांध्यांमधून. सगळा रस्ताभर मी बोलले आणि ह्यांनी ऐकलं नाही.

मालगुजारीणबाई ओसरीवर धानाच्या राशीपाशी बसल्या होत्या. कपाळ मोकळं, आवाज जरबेचा. ह्यांनी काय पाहिजे ते सांगितलं तशा त्या उठल्या. आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आल्या.

"दिवानजीच्या हातून एवढंच हिसकून घेतलं," त्या म्हणाल्या. "बाकी तो घेऊन गेला."

मग त्यांनी एक घडीचं पान उलगडलं. दोन्ही हात पसरावे लागले इतकं मोठं. मी आयुष्यात पुष्कळ चित्रं बघितली, पण त्यासारखं पुन्हा बघितलं नाही. वर आभाळ, नुसतं आभाळ, पानाचा दोन-तृतीयांश भाग. खाली सपाट, रुंद जागा आणि तिच्यावर सगळं गावच्या गाव उतरलेलं. म्हातारे, पोरं, बाया, कुत्री. कोणी पडलेलं, कोणी पडलेल्याला हसणारं, कोणी हातात काठी घेतलेलं. मुंगीएवढी माणसं, पण एकही दुसऱ्यासारखं नाही. हे खाली बसले. 

"बाई, हे मले पाहिजे," ते म्हणाले. असं सरळ मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बाईंनी पानाची घडी घातली. "मी हे कोनाले देनार नाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यावर्षी मंडईले आमच्या गावात पडदा नाई. पेंटर, तुमी ह्याच चित्राचा पडदा काढा. गावाले पटला तर चित्र तुमचं. नाई पटला तर पुन्हा मागाचं नाई."

ह्यांनी होकार दिला. मी बंडीत बसल्यावर म्हटलं, महाल-बगीचा मागणाऱ्या गावाला एवढं रिकामं आभाळ पटणार कसं? ते म्हणाले, "नाई पटलं त मी ते चित्र पुन्हा पाहू शकनार नाई. म्हून पटलंच पाहिजे."

चित्र बाई घराबाहेर नेऊ देत नव्हत्या. त्यामुळे हे त्यांच्या ओसरीवरच दिवसभर बसून पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे, आणि मी शेजारी बसून ते लोक काय करताहेत ते सांगायची. कारण ते ह्यांना कळेना. नेमकी पायांवरून पानाची घडी गेली होती आणि कसर लागून तिथला कागद विरला होता. पण मला लगेच कळलं. मी ह्याच भागात जन्मलेली. उन्हाळ्यात तलाव आटतो, गुडघाभर चिखल उरतो, आणि एक दिवस ठरवून सारं गाव मासे धरायला उतरतं. कोणी घरी राहत नाही. त्या चित्रात तेच होतं. झाडांना एक पान नव्हतं, म्हणजे आपल्या सागासारखाच चैत-वैशाख. मधे एका भोकातून माणूस बादलीनं पाणी काढत होता, तो झिरा. एका बाईला बसवून दोघं ओढत होते, तो चिखलात रुतलेला डोंगा. काठीवाले मासे हाणणारे. काठावर एक जण पाय मांडीवर घेऊन वाकला होता, तो काटा काढत होता.

"एवढे कपडे काऊन घातले मग?" ह्यांनी शंका काढली.

"साहेब लोक भर उनातही कोट घालतात. पाहिले नाई का तुमी?"

ते ह्यांना पटलं. बाई धान पाखडता पाखडता आमचं ऐकत होत्या. 

पडदा त्यांच्याच गावी, गोठ्यामागच्या पडवीत रंगला. काळ्या रेघांच्या चित्राला रंग कुठला द्यायचा हा प्रश्न उरला नव्हता. खाली गेरू आणि काजळीचा ओला चिखल, आणि वर वैशाखाचं आभाळ, सफेद्यात पिवडीची नावापुरती चिमूट, बघताना डोळे बारीक व्हावेत असं. माणसांना आमच्याकडचे कपडे दिले. दुपट्टे, लुगडी, उघडी पोरं, हातात मासे धरायची पेलनी आणि टोपली. पण कोण कुठे उभं आहे, कोण कोणाकडे वळलं आहे, हे सगळं त्या डच माणसाचं. चिखल ओला दिसत होता. ह्यांच्या हातून पहिल्यांदाच पाणी ओलं निघालं होतं, आणि त्या दिवशी मी त्यांना सरळ सांगितलं की असं काम तुमच्या हातून कधी झालं नव्हतं. ते लाजले.

मंडईच्या दिवशी दुपारी मैदानात बांबूवरून पडदा सोडला. दंडारवाले घुंगरं बांधून तयार होते. लोक पडद्याकडे बघत राहिले. हे माझ्या शेजारी उभे होते.

एक म्हातारा पुढे झाला. "हे एवढं आभाळ काऊन? कपडा उरला होता का?" चार जण हसले.  म्हातारा आणखी जवळ गेला, डोळ्यांवर हात धरून खालच्या माणसांकडे बघू लागला, आणि एकाला बोट लावून म्हणाला, "अन हा पडला तो त मी आहो."

मग सगळेच पुढे सरकले. हा तर आपला तलाव. ही त्याच्या बांधाची पार. ती टोपलंवाली कोण, अगं ती तूच. दंडार बराच वेळ सुरूच होईना, कारण लोक पडद्यापुढून हटेनात. आणि सुरू झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. नाचणारे त्या रिकाम्या आभाळापुढे उभे राहिले की मोठे दिसायचे, त्यांची मान, त्यांचा वर गेलेला हात अगदी मागच्या माणसालाही दिसायचा. महालाच्या पडद्यापुढे ते खांबांच्या गर्दीत हरवायचे. आभाळ एवढं का सोडलं होतं, ते कळलं. डच माणसाला ते आधीपासून माहीत होतं. गावाला पटलं होतं. चित्र आमचं झालं होतं.

जंगलखात्याचे साहेब जवळच मुक्कामाला होते, ते पाहुणे म्हणून आले होते. दंडार संपल्यावर चहा पिता पिता ते बाईंच्या ओसरीवर मूळ चित्र बघून आले, आणि ह्यांना बाजूला बोलावलं. मी मागे होतेच. ते हळू आवाजात, कौतुकानंच म्हणाले, "पेंटर, पडदा उत्तम झाला. पण तुमची एक गंमत झाली. हा उन्हाळा नव्हे, हिवाळा आहे. तिकडे नदी गोठते, दगडासारखा बर्फ होतो. पायाला लोखंडी पाती बांधून लोक त्यावर घसरत जातात, खेळतात. तो काठावरचा काटा काढत नाही, पातं बांधतो आहे."

ह्यांचा चेहरा उतरला. ह्यांनी बर्फ बघितला होता तो नागपूरच्या बाजारात, भुशात गुंडाळलेली लादी. साहेब पाठीवर हात ठेवून निघून गेले.

"गप राहा," मी ह्यांना म्हटलं. "तुमाले अन मले माहीत, साहेब उद्या जाईन. चित्र घ्या अन चला."

"मले समजलंच नाई ते चित्र," हे म्हणाले. "न समजता कसं घेऊन जाऊ?"

"तुमाले नाई, मले समजलं नाई. माझ्यामुळे झालं."

"हात माझा होता."

आणि हे सरळ बाईंकडे गेले. मला त्या क्षणी इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी हा माणूस महिनाभर जेवला-झोपला नाही, ते हातात आलेलं तो परत द्यायला निघाला होता. बाईंनी कापडात गुंडाळलेलं पुस्तक मांडीवर तयारच ठेवलं होतं. ह्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बर्फ, पाती, हिवाळा. "बाई, माझं चुकलं. मासे नाईत त्याच्यात. चित्र तुमच्याकडेच राहू द्या."

बाईंनी ह्यांना हातानं बसायला खुणावलं.

"मले माहीत आहे ते बर्फ आहे," त्या म्हणाल्या.

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"मी नवी लगन होऊन आली, तवा मालकानं मले हे पान दाखवलं. मी म्हटलं, तलाव आटला अन हे मासे धरून राह्यले. मालक हसले. चार लोकांत सांगून सांगून हसले. मंग त्यायनं मले बर्फ समजावून सांगतला. मी हो म्हटलं." त्यांनी कापडाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "एवढी उमर गेली, मी कितीदा हे पान उघडलं असन. मले त्याच्यात बर्फ कधी दिसला नाई. कोनाले सांगाव? तुमची बायको त्या दिवशी ओसरीवर बसून बोलत होती, त माझ्या हातचं सूप थांबलं. अन आज मले दिसते तसं साऱ्या गावाले दिसलं."

पुस्तक त्यांनी ह्यांच्या हातात नाही दिलं. माझ्या हातात दिलं. "पडदा मात्र इथीच राहू द्या," म्हणाल्या.

परतीच्या डोंग्यात पुस्तक माझ्या मांडीवर होतं. पाणी उडेल म्हणून मी पदर त्यावर ओढून धरला होता. नदीच्या मधोमध आल्यावर हे म्हणाले, "बाई डच आहे." आणि माझ्याकडे न बघता, "तूही."

पुढच्या काळात ह्यांनी आणखी पुष्कळ जमवलं. साहेबांची बदली झाली, पण ते नागपुरातल्या जुन्या बाजारात डच अक्षरांचं एखादं पान दिसलं की पाठवायचे. पडद्यांचं ह्यांचं नाव गडचिरोलीपर्यंत झालं, आणि सगळ्यांना आता आभाळ पाहिजे होतं. प्रत्येक पानात कडुनिंबाचा पाला घालायचं काम माझं होतं आणि ते मी कोणाला करू दिलं नाही. ते मोठं पान काच लावून भिंतीवर टांगलं. ह्यांनी भिंग आणून एकेकाचे पाय तपासले. घडीवरचे पाय गेले ते गेलेच, पण बाजूच्या दोघा-तिघांच्या पायाखाली पाती निघाली, केसाएवढी. साहेब खरं बोलले होते.

घरी शिकलेली माणसं आली की चित्रापुढे उभी राहायची आणि म्हणायची, वा, बर्फावर खेळताहेत. हे म्हणायचे, "हो, हॉलंडचा हिवाळा आहे." मी चहा द्यायची आणि मान हलवायची. पाहुणे गेले की हे दार लोटून यायचे, माझ्या शेजारी बसायचे, आणि आम्ही दोघं पुन्हा मासे धरायला उतरायचो.